कठडा एक वीत पुढे

इकबालभाई गेल्याचं मला मांडवीत मासे विकणाऱ्या एका बाईकडून कळलं. ‘तुमच्या त्या धुराच्या पेटीवाल्यांचं झालं आज सकाळी,’ ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. झोपेतच गेले होते. मी पोचलो तेव्हा माती देऊन माणसं परतत होती. त्याला आता दीड-दोन महिने होऊन गेले. आमची ओळख फार जुनी नाही आणि तीही गिऱ्हाईक व कारागीर अशी सुरू झालेली. माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, होड्यांची किरकोळ लोखंडी कामं, असं चालतं.

इकबालभाईंचा जन्म बोटीवर गेला, स्वयंपाकी म्हणून. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात त्यांनी मंद धुरावर मांस-मासे शिजवायची मोठी लोखंडी पेटी पाहिली होती. तिकडे तिला स्मोकर म्हणतात. निवृत्त होऊन घरी आल्यावर मागच्या पडवीत तसला स्मोकर बसवायचा आणि संध्याकाळी सुरमई नि कोंबडी धुरावर करून विकायची, असा त्यांचा बेत होता. मोबाईलवर फोटोंची रांग घेऊन ते माझ्याकडे आले. मूळ पेटी सोपी होती. एका बाजूला लाकडांची भट्टी, मध्ये जाळ्या, दुसऱ्या टोकाला धुराडं. खरा वेळ गेला तो वरच्या जोडण्या निवडण्यात. आत बघायला काचेची खिडकी हवी, दारावर तापमानाचा काटा हवा, खाली चाकं हवीत... त्यांना सगळंच हवं होतं. मी कागदावर आकृती काढली आणि पत्रा मागवला.

पंधरवड्यानं ते पुन्हा आले आणि एकेक गोष्ट रद्द करायला लागले. काच नको, काटा नको, चाकं तर मुळीच नकोत. ‘एकदा ठेवला की जागचा हलता नये,’ म्हणाले. मला वाटलं, माझ्या कामावर भरवसा उरला नाही. तसं मी तोंडावर विचारलंही. त्यांनी स्टूल चाचपून ओढलं, बसले.

‘तसा नाय, सुर्वे. डोळं चाललेत माझं. कडेचा दिसत नाय, मधला बी धूसर. डॉक्टर म्हणतो, हाय तेवढा टिकला तरी मिळवली. घरात बोललो नाय अजून.’

‘मग हे सगळं कशाला आता?’

‘मग काय करू? खाटेवर बसू?’

आम्ही नव्यानं आकृती काढली. धुराड्याच्या झडपेला खाचा पाडल्या, म्हणजे ती किती उघडली ते टक् टक् आवाजावरून कळावं. भट्टीच्या दाराला गोल मूठ, माशांच्या दाराला चपटी, दोन्ही लाकडी. चिमटा ठेवायला डाव्या हाताला कड असलेली फळी. भट्टी चुकून अंगाला लागू नये म्हणून तिच्यापुढे एक कठडा. एकेक भाग तयार झाला की ते येत, डोळे मिटून हात फिरवत आणि ‘झ्याक’ किंवा ‘परत’ एवढंच सांगत. ‘परत’ बरेचदा ऐकलं. मी वैतागायचो, पण पुन्हा करायचो.

शेवटच्या फेरीला त्यांच्या बायको, जुबेदाभाभी, सोबत आल्या. स्मोकरभोवती चक्कर मारून त्यांनी मला विचारलं, ‘हा कठडा कशाला?’ मी इकबालभाईंकडे पाहिलं. ते खाली बघत होते. मग त्यांनी डोळ्यांचं सांगितलं, अगदी मोजक्या शब्दांत. भाभींचा चेहरा बदलला नाही.

‘मला ठावं नाय असा वाटला तुमाला? गेला पावसाळाभर तुमच्या ताटातल्या माशाचं काटं कोण काढतंय?’

भाभी माझ्याकडे वळल्या. ‘कठडा एक वीत पुढं घ्या. हे वाकतात.’

कठडा पुढे घेतला. त्यानंतर चारेक वर्षं ती पेटी चालली. आंब्याचं लाकूड, वर नारळाची ओली सोडणं, आणि खाऱ्या वाऱ्यावर दोन गल्ल्या पलीकडे जाणारा वास. इकबालभाई झडपेचे टक् मोजत उभे असायचे. नजर शेवटी पूर्ण गेली, पण मासे घेऊन जाणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांना एकदाही भाजलं नाही; मी अधूनमधून मुद्दाम विचारून घेत असे.

गेल्या आठवड्यात भाभींचा फोन आला. पेटी त्या पुन्हा सुरू करणार होत्या आणि पडवीत दिवा बसवून हवा होता. इतक्या वेळा तिथं गेलो, पण तिथं दिवाच नाही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. ‘त्यांना लागत नव्हता,’ भाभी म्हणाल्या, ‘मला लागतो.’

वायरमनला सोबत नेलं, बल्ब लागला. तेव्हा चुना दिलेली भिंत उजळली. स्वयंपाकघराच्या दारापासून थेट पेटीपर्यंत, खांद्याच्या जरा खाली, तिच्यावर तळव्याएवढा रुंद काळपट पट्टा उमटला होता. रोज हात टेकत जाण्याचा. पेटीजवळ तो सर्वांत गडद होता. भाभी ओढणीचं टोक घेऊन पुसायला पुढे झाल्या, आणि मध्येच थांबल्या.

‘ईदला चुना मारायचा हाय,’ त्या म्हणाल्या. ‘एवढा पट्टा सोडून मारू.’