शेजारी दुसऱ्या धर्माचा आला तर?

जर्मन शिकवणाऱ्या बाईकडे व्याकरणापेक्षा किस्सेच जास्त साठतात. बॅच संपते, मुली जर्मनीत नोकरीला लागतात, आणि आम्ही मागे राहिलेले चहा पिताना कोण काय म्हणालं होतं तेच पुन्हा पुन्हा सांगत बसतो.

माझा क्लास तळेगावात, घोरावाडी स्टेशनजवळ. शिकवते मी. बँकेतून रिटायर झालेले दामले सर हौसेनं इंटरव्ह्यूची तयारी करून घेतात. येणाऱ्या बहुतेक नर्सेस. त्या देशात कायमचं राहायचं तर पुढे एक परीक्षा असते आणि तिच्यात दुसऱ्याच्या धर्माशी कसं वागाल यावरही प्रश्न असतात. सर ते पहिल्या महिन्यापासूनच विचारायला लागतात!

*

रोहिणी कार्ल्याची, शेतकऱ्याच्या घरातली. सरांनी तिला विचारलं, "शेजारी दुसऱ्या धर्माचा आला तर काय कराल?"

तिला म्हणायचं होतं, मी शेजाऱ्याबरोबर जेवेन. जर्मनमधला 'बरोबर' तेवढा गाळला गेला. रोहिणी गोड हसून खणखणीत आवाजात म्हणाली, "मी शेजाऱ्याला खाईन!"

सर म्हणाले, "व्हिसाचं नंतर बघू. आधी शेजाऱ्याला कळवा!"

*

एकदा मी होमवर्क दिला की असे प्रश्न घरी मराठीत विचारून बघा. दुसऱ्या दिवशी क्लास उघडायच्या आधीच रोहिणीचे वडील दारात हजर.

"मॅडम, खरं सांगा, कोन हाय त्यो?"

"कोण, भाऊ?"

"काल पोरगी जेवताना इचारती, दुसऱ्या धर्मातल्या पोराशी लगीन केलं तर तुमी काय कराल? उगाच इचारंल व्हय कुनी?"

मी त्यांना प्रश्नपत्रिका दाखवली. एकेका प्रश्नाचा अर्थ मराठीत सांगितला. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला.

"म्हंजी त्या सरकारला बी संशय आलाय!"

चहा घेऊन निघाले, पायरीवरून परत फिरले. "आन कुनी असंलच, तर आदी मला सांगा. वरडायचं का न्हाई, ते घरच्यांशी बोलून ठरवाया लागंल."

*

सरांचा आणि माझा कायमचा वाद. सर म्हणायचे, "देशानं विचारलंच पाहिजे. येणारा माणूस दुसऱ्याच्या धर्माला सांभाळून घेणारा आहे की नाही, हे बघायला नको?"

मी म्हणायचे, "सर, पाठ करून कुणीही सहिष्णू होतो! आपणच तर पाठ करून घेतो!"

"निदान तिकडे काय चालणार नाही हे तरी कळतं की नाही?"

त्यांचं अगदीच चूक नव्हतं, म्हणून वाद मिटत नव्हता.

तेवढ्यात निलोफरचा प्रश्न आला. निलोफर लोणावळ्याची, घर भुशी धरणाच्या रस्त्याला. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता असा तुंबतो की मुलीला स्टेशन गाठणं मुश्किल, आणि आमचा मुख्य क्लास नेमका त्याच दोन दिवशी. तिला तळेगावात जागा हवी होती. सरांच्याच सोसायटीत एक फ्लॅट रिकामा होता. मालक तयार, पण कमिटी तयार नाही.

"पार्किंगचा प्रॉब्लेम आहे," कमिटी म्हणाली.

"तिच्याकडे गाडीच नाही," सर म्हणाले.

"मग पाण्याचा प्रॉब्लेम आहे."

सरांनी पिशवीतून आमचीच प्रश्नपत्रिका काढली आणि मीटिंगमध्ये एकेकाला सरळ विचारलं, "शेजारी दुसऱ्या धर्माचा आला तर तुमची हरकत आहे का?"

"छे हो, माझी कसली हरकत? पण बाकीच्यांना आवडत नाही ना!"

बाकीच्यांना विचारलं. त्यांचीही नव्हती. त्यांच्याही बाकीच्यांची होती!

दुसऱ्या दिवशी सर क्लासला आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "मॅडम, सगळे पास झाले. फ्लॅट मिळाला नाही."

निलोफर पहिल्याच बाकावर होती. "असू दे सर, सवय आहे," म्हणाली आणि वही उघडली. त्या तासाला सरांनी कुणालाच प्रश्न विचारला नाही.

*

प्रश्न सोडवला तो वहिनींनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी. "आपली मागची खोली रिकामीच आहे. आपल्या घरात पाहुणी ठेवायला कमिटी कशाला लागते?"

निलोफर राहायला आली आणि लगेच रमजान लागला. मुलगी दिवसभर उपाशी म्हटल्यावर वहिनींचा जीव वरखाली. पहिल्या संध्याकाळी निलोफरनं खजूर तोंडात टाकला, तोच पुढ्यात वाफाळती साबुदाण्याची खिचडी!

"वहिनी, रोजा सुटल्यावर आम्हाला काहीही चालतं हो."

"उपास आहे ना? मग गपचूप खा!"

महिनाभर तिचा रोजा साबुदाण्यावर सुटला. ईदच्या दिवशी तिच्या अम्मींनी शीरखुर्मा पाठवला. वहिनींनी दोन वाट्या खाल्ल्या, मग विचारलं, "यात अंडं नाही ना गं?"

*

रुग्णालयानं घेतलेल्या शेवटच्या व्हिडिओ इंटरव्ह्यूत रोहिणीला तिकडच्या बाईंनी एवढंच विचारलं, "सायकल चालवता येते का?"

ती बाहेर आली ती रडकुंडीला येऊन. "सर, धर्माचं काहीच विचारलं नाही हो! मी सगळं पाठ केलं होतं!"

*

रोहिणी आणि निलोफर तिकडे एकाच रुग्णालयात लागल्या. निलोफर डोक्याला रुमाल बांधते. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे पेशंट तिच्या समोरच इन्चार्जना म्हणाले, "ही नको. मला मुसलमान नको."

फोनवर मला म्हणाली, "मॅडम, त्या क्षणी वाटलं, तुमच्याकडे जर्मन शिकलेच नसते तर बरं झालं असतं."

इन्चार्जबाईंनी आजोबांना सांगितलं, वॉर्डात हीच असणार. मग निलोफरनंच त्यांचं ड्रेसिंग केलं, अंग पुसलं, हात थरथरायचे म्हणून सूप भरवलं. आजोबा तोंड उघडायचे ते फक्त चमच्यापुरतं. ती रोज "गुटन मॉर्गन" म्हणायची, ते रोज खिडकीकडे बघायचे.

मग निलोफरला दुसऱ्या वॉर्डात हलवलं आणि तिच्या जागी रोहिणी आली. ती सूप घेऊन गेली तर आजोबांनी तिला आधी नीट न्याहाळलं.

"तू मुसलमान का?"

रोहिणीला एवढं तरी पक्कं येत होतं. "नाही," ती म्हणाली, "मी हिंदू आहे."

आजोबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि वाडगा बाजूला सारला.

"मग नको! मला मुसलमानच पाहिजे!"