डोंगरावरून मेंढ्या उतरवायचा शुक्रवार

मी इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलातून रिटायर झाले आणि डर्बीशरच्या डोंगरात येऊन राहिले. शेजारी पंचाहत्तरीची एक मेंढपाळ बाई. नवरा गेलेला, सोबत दोन कुत्रे. तिच्या मेंढ्या वर डोंगरावर चरतात, तिथे कुंपणबिंपण काही नाही. आपली हद्द कुठवर, हे मेंढीच कोकराला शिकवते. "कळप विकला की ही शिकवण संपली. नव्या आणल्या तर त्या थेट शेफील्ड शहरात पोचतील," असं ती म्हणायची.

गेल्या वर्षी मे महिन्यात तिचं हिप रिप्लेसमेंट झालं. जुलैत मेंढ्या कातरायला खाली आणाव्याच लागतात, नाहीतर लोकरीत माश्या अंडी घालतात आणि जिवंत जनावराला अळ्या पडतात. ही कुबडीवर डोंगर कसा चढणार?

"शुक्रवारी उतरल्या तर ठीक. नाहीतर विकून टाकते," चहा ओतताना ती म्हणाली.

"अहो, मग शेजाऱ्यांना सांगा की!"

"सांगायचं नसतं, डॉक्टर. माझ्या सासऱ्यांपासून जुलैचा दुसरा शुक्रवार आमचा. सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला यायचं तो येतो."

माझं डोकंच फिरलं. काय हा आडमुठेपणा! मी रत्नागिरीची. आमच्याकडे घरी येऊन अक्षत दिल्याशिवाय सख्खा चुलतभाऊ लग्नाला येत नाही, वर जन्मभर ऐकवतो ते वेगळंच. घरी आले आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला फोन लावला. शुक्रवारी नक्की या हं, असं अगदी आग्रहाने सांगितलं.

तो म्हणाला, "तिने सांगितलं फोन करायला?"

"नाही हो, मीच केला."

"तिने नाही सांगितलं ते बरं झालं. तिचा नवरा चाळीस वर्षं माझ्या मेंढ्यांमागे धावला. आम्ही येणार नाही असं वाटलं तुम्हाला?" आणि फोन ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी सकाळी ती अंगणात खुर्ची टाकून बसली, रस्त्याकडे मुद्दाम पाठ करून. सहा वाजले. साडेसहा वाजले. कुणी नाही. नसत्या उठाठेवी करून मीच त्यांना दुखावलं, आता हिचा कळप जाणार, असं वाटून मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन पाहून आले.

पावणेसातला डोंगरात चालवायची पहिली चारचाकी क्वाडबाइक आली. मागून दुसरी, तिसरी. नऊ माणसं आणि त्यांचे कुत्रे. कुणी तब्येत विचारली नाही की काही नाही, नुसती मान हलवून वर चढले. ती खुर्चीतूनच शिट्ट्या मारून आपल्या कुत्र्यांना दिशा देत होती.

मला दगडी गडग्याच्या खिंडारात उभं केलं होतं, हात पसरून. दुपारी मेंढ्यांचा लोंढा आला तेव्हा "ए भवाने, मागे हो!" असं मी शुद्ध मराठीत किंचाळले. मागे झाली हो पुढची मेंढी!

संध्याकाळी कातरून झालं आणि सगळे आपापल्या घरी गेले. तिने मला थांबवलं.

"फोन केलास म्हणे."

"चुकले. माफ करा."

"पुढच्या वर्षी करू नकोस," ती म्हणाली. "नुसती ये."

पुढच्या वर्षी! मला तिथेच, तिच्यासमोर रडू फुटलं.