दोनशे चकचकीत पुंगळ्या

आप्पांनी माझ्या दोनशे पुंगळ्या पकडीने चिरडल्या होत्या.

ते आज पहाटे गेले. राग अजून आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नव्वदच्या दशकात मी दिंडोरी रोडच्या रायफल क्लबमध्ये शूटिंग करायचे. मोठ्या रायफलची नवी काडतुसं क्वचित मिळायची. क्लबकडे परवाना होता. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलायची आणि तीच पुन्हा भरायची.

भरण्याआधी निवडायची. ते काम आप्पांचं.

आप्पा लष्करात आर्मरर होते. आयुष्यभर बंदुका दुरुस्त केल्या. रिटायर झाल्यावर देवळालीहून स्कूटरने रोज यायचे आणि पत्र्याच्या शेडमध्ये श्रीखंडाचे रिकामे डबे मांडून बसायचे.

एका डब्यात एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या पुंगळ्या. तळावर मार्करने रेघा. एकदा झाडली, एक रेघ. दुसऱ्यांदा, दुसरी. पाच झाल्या की बाद.

कारण दर वेळी पितळ ताणलं जातं. तळाजवळ पातळ होत जातं. एक दिवस तिथेच फाटतं, आणि तेव्हा रायफल गालाला लागलेली असते.

एका डब्यावर ‘रविवार’ लिहिलं होतं. रविवारी गंमत म्हणून येणाऱ्यांसाठी. त्यात कंपन्या मिसळलेल्या चालायच्या. रेघा मात्र तिथेही.

एक पुंगळी उचलायची, तळ बघायचा, लांबी मोजायची, सायकलच्या स्पोकची वाकवलेली तार आत फिरवून पातळ पडलेल्या जागी अडते का बघायचं, ठेवायची. मग पुन्हा उचलायची, कारण ठेवताना शंका आली.

“आप्पा, जरा पटापट.”

“का? लग्नाला जायचंय?”

त्या वर्षी राज्य स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेसाठी तीन जणी निवडल्या जाणार होत्या. जूनपासून मला धुळ्याला नोकरी होती. तिथे नेमबाजीची रेंज नव्हती. म्हणजे ही शेवटची संधी.

स्पर्धेला नऊ दिवस होते आणि आप्पा पुतणीच्या साखरपुड्याला घोटीला गेले. दोन दिवस.

माझं घर भांडीबाजारातलं. काळं पडलेलं पितळ आमच्याकडे कुणाला बघवत नाही. मी घरून चिंच नेली. शेडमागच्या नळावर बसून माझ्या दोनशे पुंगळ्या काथ्याने घासल्या. आतून, बाहेरून, तळ तर खास. उन्हात वाळत घातल्या.

देवघरातल्या समयांसारख्या दिसत होत्या.

आप्पा आले. एक उचलली. तळ बघितला. दुसरी उचलली. मग स्टूलवर बसले.

“रेघा कुठायत?”

“कसल्या रेघा?” म्हणताना माझ्या लक्षात आलं.

“पितळ घासलंस का माझं डोकं?”

“आप्पा, तार फिरवून बघा ना. सगळ्या चांगल्या आहेत.”

“फाटेपर्यंत सगळ्याच चांगल्या असतात.”

तरी त्यांनी बघितल्या. संध्याकाळपर्यंत. दोनशेच्या दोनशे. मी समोर बसून होते.

एकही अडली नाही.

“झालं?” मी म्हटलं.

“तार म्हणते चांगल्या आहेत. पण चार वेळा झाडलेली कुठली आणि एकदा झाडलेली कुठली, ते तार सांगत नाही.”

“मग रविवारच्या डब्यात टाका. निदान वाया तरी जाणार नाहीत.”

“रविवारवाल्यांना गाल नसतो का?”

आणि पक्कड घेतली. एकेक पुंगळी, तोंडाशी, दाबून. कुणी चुकून पुन्हा भरू नये म्हणून. मी ओरडले, रडले, सेक्रेटरींना बोलावून आणलं. सेक्रेटरी म्हणाले, “आप्पा, अहो पोरीची स्पर्धा आहे.” आप्पा म्हणाले, “मोजत होतो. तुमच्यामुळे चुकलं.” आणि चिरडलेल्या पहिल्यापासून मोजल्या.

स्पर्धेपुरत्या नव्या चाळीस मिळाल्या. सरावाला एकही उरली नाही. मी चौथी आले.

आप्पा कधी सॉरी म्हणाले नाहीत. ते बरोबर होते की नाही, हेही कधी कळलं नाही. कळणार कसं? पुरावा त्यांनीच चिरडला.

धुळ्याला निघायच्या आधी एकदा शेडमध्ये गेले. त्यांच्या टेबलावर लाल नेलपॉलिशची बाटली होती. पुंगळ्यांच्या तळावर रेघांऐवजी लाल ठिपके.

“हे चिंचेने जात नाही,” एवढंच म्हणाले. वर बघितलं नाही.

सात वर्षांनी बदली होऊन नाशिकला आले. तोवर आप्पांचे हात थरथरायला लागले होते. निवडायचं काम माझ्याकडे आलं. मागितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात पिंपळगावचे आमचे एक सभासद, द्राक्षवाले, मोठ्या हौसेने डबा घेऊन आले. पुंगळ्या धुवायचं मशीन घेतलंय त्यांनी.

“मॅडम, बघा, लय भारी निघाल्यात.”

तळ बघितले. ठिपके नव्हते. मशीनने तेही काढले होते.

तार फिरवली. एकही अडली नाही.

पक्कड घेतली. ते म्हणाले, “अहो, डोकं फिरलंय का तुमचं?” त्यांनी डबा ओढला, पुंगळ्या सांडल्या; मी गोळा करून चिरडत राहिले. प्रत्येक पुंगळीला मनातल्या मनात आप्पांना शिव्या घातल्या.

संध्याकाळी आप्पांना फोन केला. आवाज खोल गेला होता.

“तारेने बघितल्या?”

“बघितल्या. सगळ्या चांगल्या होत्या.”

“मग?”

“चिरडल्या.”

मला वाटलं, आता तरी काहीतरी म्हणतील. इतक्या वर्षांनी.

“किती?”

“अठ्ठेचाळीस.”

“डबा पन्नासचा असतो. दोन शोध.”

आणि फोन ठेवला. तेच शेवटचं बोलणं.

आज दुपारी स्मशानातून थेट रेंजवर गेले. कुलूप उघडलं. एक वाळूच्या पोत्यामागे होती. दुसरी रॅकखाली, भिंतीच्या फटीत. गुडघे टेकून काढावी लागली.

दोन्ही चकचकीत. दोन्ही चिरडल्या.

पन्नास झाल्या, आप्पा.

निघा आता.