चाळीस ड्रमांचं अक्षर

रविवारी दुपारी एक वाजता ठसेबाईंनी कामाचा कोट धुवायला घेतला आणि सवयीप्रमाणे खिसे उलटे केले. डाव्या खिशातून रुमाल निघाला, उजव्यातून पुठ्ठ्याचा एक तुकडा. एकच. त्यांनी खिसा पुन्हा चाचपला, कोट झटकला, बादलीत डोकावून पाहिलं. तुकडे दोन हवे होते.

त्यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. म्हणून आधी बाईंचं काम सांगायला हवं. ड्रम बनवणाऱ्या कारखान्यात त्या सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी उभ्या होत्या. विषारी औषधं, भडकन पेटणारी द्रावणं असला जहाल माल ज्या पत्र्याच्या ड्रमांतून जातो, त्या प्रत्येक ड्रमवर खूण उठवावी लागते. आधी गोलातली दोन अक्षरं, मग ड्रमची जात, मजबुतीचं अक्षर, वर्ष, देश, कारखाना. सुट्या पितळी तुकड्यांत कापलेली ही अक्षरं पट्टीत बसवून ड्रमला टेकवायची आणि वरून शाईचा ब्रश फिरवायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. तसा तो नाही.

सगळी गोम त्या मजबुतीच्या अक्षरात. एक्स म्हणजे हा ड्रम पुरुषभर उंचीवरून आपटला तरी गळणार नाही, त्यात सगळ्यात जहाल माल भरायला हरकत नाही. वाय म्हणजे छातीएवढ्या उंचीपर्यंतच भरवसा. झेड त्याहून खालचा. जाड पत्रा आणि पातळ पत्रा एकदा रंग चढला की जुळ्या भावांसारखे दिसतात. भरणारा माणूस ड्रम कापून बघत नाही, अक्षर वाचतो आणि नळी सोडतो.

म्हणून बाईंची एक रीत होती, कुणी न शिकवलेली. पट्टीतलं अक्षर बदललं की पहिला ठसा पुठ्ठ्यावर मारायचा, मोठ्याने वाचायचा आणि तो तुकडा खिशात टाकायचा. शनिवारी दोन लॉट होते. सकाळी साठ जाड ड्रम, एक्स. जेवणानंतर चाळीस पातळ, वाय. हातात आलेल्या तुकड्यावर एक्स होता.

"काय हरवलं?" नवऱ्याने खुर्चीतूनच विचारलं. ते निवृत्त कंडक्टर, वाटाणे सोलत बसले होते.

"वाय."

"सापडेल. मी आयुष्यभर तिकिटं फाडली, एक तरी घरी आणलं का? तू मात्र अख्खा कारखाना खिशात घालून आणतेस."

बाईंनी कोट बादलीत टाकला. त्या स्वयंपाकघरात गेल्या, तिथून बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. शनिवारची दुपार त्यांना आता लख्ख आठवत होती, आणि आठवण्यासारखी ती मुळीच नव्हती. जेवण होतंय न होतंय तोच सुपरवायझर साहेब एका पाहुण्याला घेऊन टेबलापाशी आले होते. पाहुणा छपाईचं यंत्र विकणारा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. त्याने पितळी पट्टी दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर उचलावा तशी, आणि म्हणाला, "चाळीस ड्रमांना ह्याने दिवस जात असेल, नाही?"

झालं. बाईंना चेव आला. "घड्याळ लावा," त्या म्हणाल्या, आणि बावीस मिनिटांत चाळीस ड्रम पुरे केले. एकाचीही शाई ओघळली नाही. साहेब हसले, पाहुण्याचं तोंड एवढंसं झालं. बाई संध्याकाळभर हवेत होत्या. रात्री नवऱ्याला दोनदा सांगितलं, बावीस मिनिटं.

पण अक्षर बदललं होतं का? पट्टीतून एक्स काढल्याचं बोटांना आठवत होतं. नंतर वाटलं, ते शुक्रवारचं. बोटांचा काय भरवसा, सव्वीस वर्षं तेच करतायत.

त्यांनी साहेबांना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. मग गेटवरच्या वॉचमनला लावला.

"साठ ड्रम कालच गेले बाई, चाळीस गोदामात आहेत. किल्ली साहेबांकडे. चारला ट्रक लागणार, तेव्हा येतील ते."

"आज? रविवारी?"

"पार्टीला घाई आहे म्हणे."

"मी येतेय. मी येईपर्यंत एक ड्रम हलू देऊ नकोस."

"मी वॉचमन आहे बाई, मालक नाही," तो म्हणाला. "या लवकर."

कोट बादलीतच राहिला. रविवारची बस दोन तासांनी आली; जागा असून बाई उभ्याच राहिल्या. समोर कुणाच्या तरी पिशवीतून तेलाचा डबा डोकावत होता, तर त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचायला वाकल्या आणि पिशवीवालीने पिशवी जवळ ओढून घेतली.

गोदामाचं दार उघडं होतं. ट्रकवर बारा ड्रम चढले होते, अठ्ठावीस फरशीवर. बाईंना जवळ जावं लागलं नाही. दारातूनच दिसलं. एक्स. ओळीने, सुबक, अठ्ठावीस वेळा.

साहेब चपला घालून, घरच्या कपड्यांत उभे होते. सगळं ऐकून त्यांनी कपाळ चोळलं. "बाई, झालं ते झालं. उलट जास्तीचं अक्षर लागलंय, कमीचं नाही. पार्टी खूशच होईल."

"खूश होईल आणि त्यात तो जहाल माल भरेल. मग हमालाच्या खांद्यावरून एक निसटला तर?"

"निसटेलच कशावरून?"

"तुम्ही उभे राहता खाली?"

ट्रकवाला खाली उतरून आला होता. "साहेब, चालवायचं मला आहे," तो म्हणाला. "मला ते एक्स-वाय कळत नाही, पण ह्या बाई रविवारी धावत आल्यात. उतरवा."

बारा ड्रम उतरले. मग थिनर, चिंध्या, घासकागद. शाई पुरती वाळली होती. पुसून निघेना, तेव्हा घासून काढली आणि त्या जागी रंगाचा हात दिला. रंग सुकेपर्यंत बाई गोदामात येरझाऱ्या घालत राहिल्या. वॉचमनने आणलेला चहा तसाच निवला. मग पट्टीत वाय बसवला. पहिला ठसा पुठ्ठ्यावर. मोठ्याने वाचला. अंगावरच्या साडीला खिसा नव्हता, म्हणून तुकडा वॉचमनच्या हातात दिला. "सांभाळ," म्हणाल्या. तो बिचारा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

ट्रक निघाला तेव्हा सात वाजून गेले होते. साहेबांनी चुकांची वही काढली. "मी लिहितो. शाई फिकट होती म्हणून पुन्हा ठसे मारले, एवढंच."

"द्या इकडे," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच लिहिलं: पाहुण्यांना वेग दाखवण्याच्या नादात नमुन्याचा ठसा घेतला नाही, अक्षर बदललं नाही. खाली सही.

साहेबांनी वाचलं. "हे मालकांनी पाहिलं की यंत्र आलंच म्हणून समजा."

"येऊ दे. त्याला निदान चेव तरी येत नाही." वही मिटून त्यांनी परत केली. "पण अक्षर बदललं का, हे त्यालाही कुणीतरी विचारावं लागेलच ना?"

यंत्र दोन महिन्यांनी आलं. तो गळ्यात पट्टा घातलेला पाहुणा स्वतः बसवायला आला, बटणं दाबून दाखवली, आणि पहिला ड्रम पुढे सरकवला. ठसेबाईंनी त्याचा हात धरला.

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी पुठ्ठा घाल."