मी लिहिलेलं ‘नॉर्मल’

वाळूजच्या एका कारखान्यातल्या दवाखान्यात मी नर्स होते. रोजचं काम मलमपट्टीचं, पण वर्षातून एकदा सगळ्यांच्या कानांची तपासणीही माझ्याकडेच असे. कामगारानं हेडफोन लावायचा, मी बटण दाबून बारीक आवाज सोडायचा आणि तो ऐकू आला की त्यानं बोट वर करायचं. पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर उभा जन्म काढलेली माणसं त्यात झरझर पास होत. मला आपलं वाटे, ज्वारीच्या भाकरीचा गुण असेल!

एका वर्षी कन्नड तालुक्यातून येणाऱ्या एका मामांना तपासताना मला शंका आली. मी बटण दाबलंच नाही, नुसता हात हलवला. मामांचं बोट वर. ते आवाज ऐकतच नव्हते, माझ्या कोपराकडं बघत होते.

माझा स्वभाव फटकळ. “मामा, लबाडी करता?” मी ओरडलेच.

“सिस्टर, नका ना लिहू,” ते म्हणाले. “प्रेस सोडून मला दुसरं काय येत नाय. काढलं तर या वयात कोण घेतंय? झाकली मूठ राहू द्या.”

मला भरून आलं. मी ‘नॉर्मल’ लिहिलं आणि पुण्य केल्याच्या तोऱ्यात घरी गेले.

काही महिन्यांनी मामांच्या मागून फोर्कलिफ्ट आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मामा जागचे हलेनात. शेजारच्यानं दंडाला धरून ओढलं म्हणून वाचले, नुसतं खरचटलं. त्यांचा हात पुसून मलम मीच लावलं.

आठवड्यातून दोनदा येणाऱ्या कंपनीच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते शांतपणे म्हणाले, “सिस्टर, तुम्हाला वाटलं मामांना वाचवलं. वाचली कंपनी. आवाज कमी करणं तिचं काम, कान गेले तर उपचार आणि दुसरं काम देणंही तिचंच. पण तुमचा कागद म्हणतो, सगळं ठीक आहे. मग ती कशाला काय करेल?”

मला स्वतःची लाज वाटली. कानात घालायच्या इयरप्लगचं खोकं वर्षभर स्टोअरमध्ये पडून असे आणि बाहेरचे लोक पाहणीला आले की तेवढ्यापुरतं उघडलं जाई, यावर मी जेवताना तावातावानं बोलायची. लिहायची वेळ आली तेव्हा मात्र कंपनीला हवं तेच लिहिलं होतं.

“खरं लिहा,” डॉक्टर म्हणाले. “कामावरून काढू देणार नाही. साहेबांशी मी बोलतो.”

मी मामांना बोलावलं, डॉक्टरांचा शब्द सांगितला. खुर्ची भिंतीकडं फिरवली, हेडफोन लावला आणि सुरुवात केली. बारीक आवाज, मग मोठा, मग त्याहून मोठा. मामांचं बोट मांडीवरच. शेवटचा आवाज तर हेडफोनबाहेर मलाही ऐकू आला, तरी बोट हललं नाही. उजवा कान, डावा कान, दोन्ही सारखेच. मी आकडे भरले, सही केली.

मामा अजून भिंतीकडं तोंड करून, मान खाली घालून, एकाग्र बसले होते.

“सिस्टर,” ते म्हणाले, “करा ना चालू. जेवणाची सुट्टी संपंल.”

मी उठले, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाले, “मामा, झाली तपासणी.”