सोळापैकी सोळा

हडपसरच्या गाडीतळाजवळ एका गाळ्याच्या दारावर एके काळी एक पाटी लटकत असे : ‘सध्या सर्व खुर्च्या भरलेल्या आहेत. आत डोकावून खात्री करू नये.’ ही पाटी साईनाथ ससाणेने स्वतः रंगवून घेतली होती. ती दाराला अडकवताना त्याला जेवढा आनंद होई तेवढा स्वतःच्या लग्नातही झाला नाही, असं त्याची बायको शेफाली म्हणते. ती त्या लग्नाला हजर होती, तेव्हा तिचा शब्द मानायला हवा.

गाळा घेऊन दिला तो वडिलांनी. हिंदुराव ससाणेंची जमीन आयटी पार्कात गेली, त्यातून घर झालं, बहिणीचं लग्न झालं आणि थोरल्यासाठी हा गाळा झाला. “बस हितं. काय बी कर, पर रिकामा हिंडू नगंस,” एवढाच उपदेश त्यांनी केला. साईनाथने सोळा संगणक मांडले, एकमेकांना वायरींनी जोडले आणि ‘श्रद्धा सायबर’ सुरू केलं. पोरं आधी निकाल बघायला आली, मग मेल बघायला आणि मग खेळायला जी आली ती उठेचनात. खेळ गोळीबाराचा. आठ जण इकडचे, आठ तिकडचे, आणि ज्याला गोळी लागली त्याने डाव संपेपर्यंत मुकाट्याने बसायचं. मुकाट्याने अर्थातच कोणी बसत नसे. शेजारच्या गिरणीवाल्याने दोनदा तक्रार केली होती, गिरणीचा आवाज ऐकू येत नाही म्हणून.

त्या पोरांत अभिनव सात नंबरच्या संगणकावर बसायचा. त्याचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, घर तिथल्याच क्वार्टर्समध्ये, आणि हा इंजिनिअरिंगला हडपसरला. दोन बस बदलून यायचा. जिंकला तरी ओरडायचा नाही, उठून पाणी पिऊन यायचा, म्हणून तो साईनाथला आवडायचा. नोकरी लागली त्या दिवशी पेढे घेऊन तो आधी कॅफेत आला आणि मग घरी गेला. जाताना म्हणाला, “दादा, सात नंबर कुणाला देऊ नकोस.” साईनाथने पुढे चार महिने खरोखरच तो दिला नाही. गिऱ्हाइकांना माउस बिघडलाय म्हणून सांगायचा.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. संगणक खिशात आला आणि कॅफे ओस पडला. २०१५ साली साईनाथने खुर्च्या आणि संगणक भंगारवाल्याला दिले. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात आणि साईनाथ एका कंत्राटदाराकडे कामाला आहे. आयटी पार्कातल्या कंपन्यांचे प्रिंटर नीट ठेवायचे, शाईच्या पुडीचा टोनर बदलायचा, अडकलेला कागद ओढून काढायचा, हे त्याचं काम. ज्या वावरात त्याच्या आजीने कांदे काढले, तिथे चौथ्या मजल्यावर तो गुडघ्यावर बसून कागद काढतो. त्याला त्याचं काही वाटत नाही. पाटी मात्र त्याने माळ्यावर जपून ठेवली.

मग लॉकडाऊन आला. सगळं जग हवालदिल झालं आणि साईनाथ सुखी झाला. एवढं उघड बोलायची सोय नव्हती, पण तसं झालं खरं. कुणीतरी जुन्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, कुणीतरी तो जुना खेळ शोधून काढला आणि साईनाथने घरच्या संगणकावरून सगळ्यांना एकत्र जोडलं. पहिल्याच गुरुवारी वीज गेली. पुण्यात गुरुवारी वीज जाते, हे दहा-बारा वर्षं कॅफे चालवलेल्या माणसाच्या लक्षात राहू नये, यावर ग्रुपवर दोन दिवस त्याची यथेच्छ टिंगल झाली.

तेव्हा त्या पोरांतल्या ऋषीने उपाय सांगितला. मुंबईत कुठेतरी मोठमोठे संगणक असतात, अखंड चालू, थंड खोलीत ठेवलेले. त्यातला एकेक तुकडा ते भाड्याने देतात. इमारत दुसऱ्याची, पण खोलीची किल्ली आपल्या हातात. व्हीपीएस म्हणतात त्याला. भाडं म्हणजे महिन्याला चौघांची मिसळ. त्यावर खेळ बसवला की कुणाच्याही घरची वीज गेली तरी खेळ थांबत नाही. साईनाथला इंग्रजी यथातथाच, पण त्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायला तो महिन्याभरात शिकला. यंत्राला नाव दिलं ‘श्रद्धा’. जागा ठेवल्या सोळा. कुणी शिरलं की आधी एक वाक्य दिसे : ‘चपला बाहेर काढाव्यात.’

ते दीड वर्ष रोज सोळा जण असायचे. सतराव्याला जागा नसायची आणि तो ग्रुपवर शिव्या देत बसायचा. साईनाथ त्या शिव्या शेफालीला वाचून दाखवायचा.

मग ऑफिसं उघडली. कुणाला मूल झालं, कुणी कॅनडाला गेलं, कुणाची मान दुखायला लागली. रोजचं फक्त रविवारवर आलं, दुपारी चारला. सोळाचे नऊ झाले, नऊचे चार. साईनाथ दर रविवारी सकाळी ग्रुपवर लिहायचा, ‘आज चारला.’ सुरुवातीला अंगठे यायचे, मग तेही थांबले. एका रविवारी त्याच्या त्या दोन शब्दांखाली कुणीतरी बिल्डरच्या फ्लॅटची जाहिरात टाकली आणि तिला सहा जणांनी उत्तरं दिली. त्यानंतर साईनाथने लिहिणं सोडलं. बोलावून का होईना यावं असं त्याला वाटत होतं, पण बोलावून आले नाहीत हे त्याला सोसलं नाही.

आता रिकाम्या मैदानात एकट्याने फिरायचं तरी किती? खेळात बॉट नावाची सोय असते. यंत्रच चालवतं ती माणसं. पळतात, गोळ्या झाडतात, मरतात. त्यांची नावं कुठल्या तरी गोऱ्या लोकांची होती. साईनाथने ती फाइल उघडली आणि नावं बदलली. ऋषी, सौरभ, रावसाहेब, अभिनव अशी जुन्या पोरांची पंधरा नावं. मग त्याला चैनच पडेना. ऋषी दुरून नेम धरायचा, म्हणून त्या बॉटला लांब पल्ल्याची बंदूक दिली. सौरभ कायम घाईत आणि पहिला मरायचा, म्हणून त्या बॉटची अक्कल कमी केली. अभिनवच्या बॉटचं कौशल्य त्याने सगळ्यांत वर नेऊन ठेवलं. पाणी प्यायला उठण्याची सोय त्या फाइलमध्ये नव्हती.

एका रविवारी हिंदुराव त्याच्या मागे येऊन उभे राहिले. पंचाहत्तरी उलटलेले, पण नजर चांगली. पडद्यावर चाललेली पळापळ त्यांनी बराच वेळ बघितली.

“एवढी समदी मानसं हायती व्हय?”

“हाय की, आप्पा.”

“आन् ह्यातला खरा कोन?”

“मी,” साईनाथ म्हणाला. म्हातारा चहा घ्यायला गेला.

एक गोष्ट मात्र साईनाथला खटकत होती. जगभरच्या खेळाडूंना अशा चालू यंत्रांची, म्हणजे सर्व्हरांची, जी यादी दिसते, तिच्यात ‘श्रद्धा’पुढे आकडा दिसायचा सोळापैकी पंधरा. त्याने आत बसून पंधरावा बॉट भरला की एक बॉट आपसूक निघून जाई, आणि आकडा पुन्हा पंधराच. एक जागा कायम मोकळी राहावी अशी एक ओळ खेळ बनवणाऱ्यांनीच मांडणीच्या फाइलमध्ये लिहून ठेवली होती. साईनाथला ती मोकळी जागा पडलेल्या दातासारखी दिसायची. त्याने ओळ पुसून टाकली. पुढच्या रविवारी यादीत आकडा आला सोळापैकी सोळा, आणि त्याला माळ्यावरची पाटी आठवली. त्याने शेफालीला हाक मारून आकडा दाखवला.

“अरे वा,” ती म्हणाली. “म्हणजे आता अजिबातच कोणी यायला नको.”

शेफाली पेठेतली, तिचं बोलणं असंच. ती वाईट नव्हती. दर रविवारी दारातून विचारायची, “अहो, तुमचे मेंबर आले का?” आणि उत्तराची वाट न बघता चहा ठेवून जायची. पण जूनमध्ये ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. “मला भाड्याचं काही नाही वाटत,” ती म्हणाली. “पण दर रविवारी संध्याकाळी तुम्ही या खोलीतून जो चेहरा घेऊन बाहेर येता ना, तो मला बघवत नाही. त्यांच्यासाठी संपलं ते. तुमच्यासाठी का संपत नाही?”

ती खरं बोलत होती आणि तिचे डोळे भरले होते. त्याने शब्द दिला. महिन्याच्या अखेरीस यंत्राची मुदत संपत होती. त्याआधी चार रविवार होते. या चार रविवारांत एक जरी खरा माणूस आपण होऊन आला, तर यंत्र चालू ठेवायचं. नाही आला, तर पुसून टाकायचं आणि पुन्हा नाव काढायचं नाही. ग्रुपवर त्याने यातलं काही कळवलं नाही. कळवलं असतं तर दयेपोटी दोघं-तिघं आले असते, आणि दयेने आलेला माणूस त्याला मोजायचा नव्हता.

पहिल्या रविवारी तो पावणेचारलाच बसला. बॉट पळत होते. सौरभ पहिला मेला. दुसऱ्या रविवारी मेहुण्याकडे बारसं होतं, तिथून पोट दुखतंय म्हणून तो लवकर परतला. तिसऱ्या रविवारी त्याने कॅफेतले जुने हेडफोन काढले, कुणी बोललं तर नीट ऐकू यावं म्हणून. चौथ्या रविवारी शेफालीने ‘मेंबर आले का’ असं विचारलं नाही. ती आत आली, साडेसहापर्यंत त्याच्या शेजारी बसली आणि पडद्यावर प्रत्येक नव्या हालचालीला विचारत राहिली, “हा कोण? हा खरा आहे का?” तिलाही कोणीतरी यावं असं वाटत होतं. कोणी आलं नाही.

सोमवारी कामावरून आल्यावर हातपाय धुऊन त्याने यंत्र पुसलं. कंपनीने विचारलं, आधी सगळं उतरवून ठेवायचं आहे का? त्याने नाही म्हटलं. मग कंपनीने खात्रीसाठी यंत्राचं नाव स्वतः लिहायला सांगितलं. त्याने एकेक अक्षर बघून ‘श्रद्धा’ लिहिलं आणि बटण दाबलं. चार सेकंदांत झालं. हिंदुरावांची जमीन मोजायला आलेल्या लोकांनी तीन दिवस घेतले होते.

मंगळवारी दुपारी तो चौथ्या मजल्यावर एका प्रिंटरचं झाकण उघडून बसला होता, तेव्हा फोन वाजला. अभिनवचा मेसेज होता, तीन वर्षांनी. हात टोनरने काळे होते, म्हणून त्याने फोन जमिनीवर ठेवून तसाच वाचला.

‘दादा, कसा आहेस? माझा जॉब गेला मार्चमध्ये. कुणाला बोललो नाही. घरी बसून डोकं खराब व्हायला लागलं, म्हटलं संडेला चारला सर्व्हरवर यावं. तीन संडे ट्राय केलं, दरवेळी फुल. आत कोण आहे ते यादीत दिसतं ना, ऋषी, सौरभ, रावसाहेब, सगळेच होते! इतकं बरं वाटलं बघून. माझ्या नावाने पण कुणीतरी खेळत होतं, माझी जागा दिलीस वाटतं कुणाला. चालायचंच, एवढी वर्षं आलो नाही तर कोण ठेवेल. मेसेज करणार होतो की एक जागा कर, पण म्हटलं सगळे मजेत खेळतायत, आपलं रडगाणं कशाला. आज पीसी विकला. बायकोला इंदूरला नोकरी मिळालीय, उद्या निघतोय. तुला सांगून जावं वाटलं.’

साईनाथने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा ती पुसलेली ओळ आठवली. तो स्वतः नेहमी आधी आत जाऊन बसायचा आणि मग नावं भरायचा, त्यामुळे दारावर बाहेरून कधी थाप मारून बघितलीच नव्हती. एक जागा मोकळी ठेवणारी ती ओळ येणाऱ्यासाठीच होती, हे त्याला आता, त्या प्रिंटरसमोर, समजलं.

मग त्याहून वाईट गोष्ट त्याच्या डोक्यात आली. कोण आलं आणि कोण परत गेलं याची नोंद यंत्र एका फाइलमध्ये ठेवायचं. ती उघडून बघायचं त्याला कधी सुचलं नव्हतं, आणि काल ती यंत्रासोबत गेली. त्याने काळ्या बोटांनीच कंपनीच्या मदतकेंद्राला लिहिलं. लगेच उत्तर आलं : पुसलेलं यंत्र परत मिळत नाही, तसदीबद्दल क्षमस्व. अभिनव तीनदा आला होता, हे अभिनवने सांगितलं म्हणून कळलं. ऋषी कधी आला होता का? सौरभ? वर्षभरात किती रविवारी किती जण दारापर्यंत येऊन, आत सगळे मजेत आहेत असं समजून परत फिरले, हे आता कुणीही सांगू शकणार नव्हतं.

त्याने लिहायला घेतलं, ‘अरे, ते कोणी नव्हतं, मी एकटाच होतो.’ ते तसंच राहिलं पडद्यावर. समोर अडकलेला कागद अर्धा बाहेर लोंबत होता आणि मागून कोणीतरी इंग्रजीत विचारलं, अजून किती वेळ लागेल. साईनाथला वाटलं, या पोराला जाताना बरोबर न्यायला एवढंच तर मिळालंय, की सगळे अजून तिथे आहेत. आणि खरं सांगायचं तर त्याला लाजही वाटली. त्याने लिहिलेलं खोडलं.

‘हो रे, हल्ली फार गर्दी असते,’ त्याने लिहिलं. ‘सात नंबर तुझाच आहे.’

उत्तर लगेच आलं. ‘भारी. बंद करू नकोस हां दादा.’

‘नाही करणार,’ साईनाथने लिहिलं, आणि फोन खिशात घालून कागद ओढायला घेतला.