क्लिकची बोहनी

पिरंगुटच्या बाजारात इलाही पिंजाऱ्यांचं गाद्यांचं दुकान कुणालाही विचारलं तरी सापडायचं. त्या दुकानात त्यांचा मुलगा शहनवाज शांत बसलेला मात्र कुणी पाहिला नसेल. २००७ सालच्या रमजानात तर त्याच्या पायाला भिंगरीच लागली होती. कापूस तोलता तोलता मध्येच उठायचा, दारापर्यंत जायचा, खिशातला मोबाइल काढून बघायचा आणि तोंड पाडून परत यायचा.

कारणही तसंच होतं. हिंजवडीत कंपन्या आल्या, शेजारच्या नांदे गावाच्या शेतांत इमारती उठल्या, त्यांत नोकरदार माणसं राहायला आली. झोपायला गादी लागतेच, पण ही मंडळी मॉलमधून फोमची आणायची. पिरंगुटात कापूस पिंजून गादी भरून देणारा कुणी आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दुकान रिकामं पडायला लागलं. शेजारच्या जनार्दनला मोबाइल विकायला गाळा हवाच होता. इलाहीचाचांनी त्याला शब्द देऊन टाकला, की ईदपर्यंत धंदा सावरला नाही तर गाळा तुझा. पोराला विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून शहनवाजचा जीव टांगणीला लागला होता.

त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत लातूरचा कौस्तुभ भाड्याने राहायचा. हिंजवडीत नोकरीला होता. त्यानं दुकानाची छोटीशी वेबसाइट करून दिली आणि जाहिरातीचं गणित समजावलं. लोक इंटरनेटवर गादी शोधतात, तेव्हा शेजारी आपली जाहिरात दिसते. नुसती दिसली तर फुकट. कुणी तिच्यावर क्लिक केलं, की आपले पैसे कापले जातात. दिवसाची मर्यादा आपण ठरवायची. ती संपली, की दुसऱ्या दिवसापर्यंत जाहिरात गायब.

"अशी जाहिरात घेणारे बरेच आहेत," कौस्तुभ म्हणाला. "एक सगळ्यात मोठा, एक त्याच्या खालचा, एक अगदी स्वस्त. तिघांकडं थोडं थोडं टाकून बघ. फोन कुणाकडून येतात ते बघ आणि ईदच्या आधी एकावरच जोर लाव."

पैसे भरायचं क्रेडिट कार्डही कौस्तुभचंच होतं, त्यामुळे शहनवाजला वर आणखी संकोच. रोज संध्याकाळी तो कामावरून आला रे आला, की शहनवाज त्याच्या कॉम्प्युटरपुढे हजर. स्वस्तवाल्याकडे क्लिकचा नुसता पाऊस, पण फोन एकही नाही. तो त्यांनी लगेच बंद केला. दुसऱ्याकडे क्लिक मोजके, कधीमधी एखादी चौकशी. मोठ्याकडून सुरुवातीला रोज संध्याकाळी फोन यायचे, आणि मग काय झालं कोण जाणे, क्लिक भराभर वाढले आणि फोन मात्र थंडावले. आकडा बघून शहनवाजचा चेहरा खुलायचा, आणि मोबाइलकडे बघून पुन्हा पडायचा.

ईद तोंडावर आली. मोठा सोडून सगळे पैसे दुसऱ्यावर लावायचे, हे त्या संध्याकाळी करायचं ठरलं. पण शहनवाजला संध्याकाळपर्यंत दम धरवेल तर शपथ. एकदा शेवटचं बघू म्हणून तो सकाळीच भिकूच्या सायबर कॅफेत शिरला.

आत बाजारातले निम्मे दुकानदार उभे. भिकू खुर्चीत बसून टाइप करत होता आणि भांडीवाले गेणबा माउसवर बोट ठेवून पडद्याकडे टक लावून होते. पडद्यावर शहनवाजचीच जाहिरात. गेणबांनी बोट दाबलं आणि समाधानानं मागे वळले.

"ये, ये. तुजीच बोहनी चाललीया," ते म्हणाले. "इलाहीभाईनं सांगितलंय, आपापलं दुकान उघडायच्या आदी समद्यांनी शहनवाजच्या दुकानात पाय ठेवायचा. माज्या दुकानाचं पयलं भांडं त्यानंच घेतलं हुतं. मग आमी नगं का करायला?"

 बाजारात नवं दुकान निघालं, की पहिली वस्तू इलाहीचाचांनी घ्यायची, हा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. आता सगळा बाजार त्याची परतफेड करत होता. शहनवाजनं मोठ्याकडच्या आपल्या खात्याचं पान उघडलं. शटर वर जायच्या आतच दिवसाची मर्यादा संपलेली. हिंजवडीची माणसं कामावरून सुटून गादी शोधायला बसतील, तेव्हा त्याची जाहिरात कुठेच नसणार. आणि त्याच आकड्यांवर विसंबून तो खरं गिऱ्हाईक देणारा मोठाच सोडून द्यायला निघाला होता.

तो तणतणत दुकानात आला.

"अब्बा, तुमीच माजं दुकान बुडवताय," तो म्हणाला. एकेका क्लिकचे पैसे कसे जातात ते त्यानं एका दमात सांगितलं.

इलाहीचाचा कापसाच्या ढिगाजवळ बसले होते. 

"रोज सांजच्याला आकडा बघून तुजं तोंड उजळायचं," ते म्हणाले. "भिकू म्हनला, जाहिरात दाबली का आकडा वाढतो. म्हनलं, पोराला तेवढाच धीर. हितं दुकानात कुनी पाय ठेवला तर पैसं पडत न्हाईत, बाबा. तितं पडत्यात, हे मला कोन सांगनार?"

शहनवाजला स्वतःचीच लाज वाटली. सांगायला हवं होतं ते त्यानंच सांगितलं नव्हतं.

त्यानं दुकानोदुकानी जाऊन हात जोडले. गेणबा जरा फुगले, पण बोहनी थांबली. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी नांद्याहून हेमलता नावाच्या बाईंचा फोन आला. सासऱ्यांना फोम सोसत नाही, कापसाची गादी भरून मिळेल का? त्याच्या पुढच्या दिवशी आणखी फोन आले. ईदच्या दिवशी शीरखुर्मा प्यायला जनार्दन घरी आला, तेव्हा शहनवाज बऱ्याच दिवसांनी निवांत हसला. तेवढ्यात इलाहीचाचांनी गाळ्याची किल्ली काढून जनार्दनच्या हातात ठेवली.

"अब्बा, आता तर फोन येत्यात," शहनवाज किल्लीकडे बघत म्हणाला.

"फोन घरीबी येतील. पन दोन फोनांनी धंदा सावरला, असं मी कुन्या तोंडानं म्हनू? शब्द दिलाय."

पिंजायचं मशीन घरामागच्या शेडमध्ये आलं. शहनवाजनं मोठ्यावरच जोर लावला आणि काम वाढत गेलं. पुढे एका संध्याकाळी कौस्तुभ आकडे चाळताना थबकला.

"हे बघ, रोज सकाळी पिरंगुटातनंच एक क्लिक पडतंय," तो म्हणाला. "बाजार उघडायच्या वेळेला. फोन नाही, काही नाही. फुकटचे पैसे जातायत. बंद करू?"

शहनवाजला ठाऊक होतं. गाळा गेल्यावरही इलाहीचाचा रोज सकाळी न चुकता टोपी घालून बाजाराकडे निघायचे, आणि भिकूच्या कॅफेत जाऊन परत यायचे.

"राहू दे," तो म्हणाला. "अब्बा दुकान उघडत्यात."